अलिबागच्या सावलीचे मोल



“मी काय अलिबागहून आलोय?” हे वाक्य तुमच्या घरात कुणी ना कुणी बोललेले असणारच. समोरच्याने आपल्याला भोळा समजू नये म्हणून ते म्हणायचे. गावाची ही चेष्टा थांबवावी म्हणून २०१९ साली तिथल्याच एका गृहस्थाने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. विनोद प्रत्येक समाजावर होतात, ते हसून सोडून द्यावेत, असे सांगून न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

गंमत अशी की आज मुंबईत ज्याच्यापाशी गडगंज पैसा आहे, तो शुक्रवारी दुपारपासूनच अलिबागचा रस्ता धरतो. कारखानदार, सिनेमातले नट, क्रिकेटपटू, मोठमोठे वकील या सगळ्यांचे बंगले किहीम, आवास, मांडवा, झिराड या गावांत आहेत. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचमध्ये बसले की तासाभरात मांडव्याचा धक्का येतो. तुम्ही मराठवाड्यात असाल किंवा खानदेशात, हे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल आणि मनात म्हटले असेल, आपल्याला काय त्याचे? पण थांबा. ही गोष्ट बंगल्यांची कमी आणि शेतीची जास्त आहे. माझ्या नोकरीतली बरीच वर्षे या तालुक्याच्या बांधावरून फिरण्यात गेली, म्हणून ती सांगायला बसलो आहे. तुमच्या गावाजवळ उद्या धरण, घाट किंवा नवा महामार्ग आला की हेच पाहुणे तुमच्याही दारात उभे राहणार आहेत.

आधी एक साधा प्रश्न विचारतो. मुंबईलाही समुद्र आहे, चौपाटी आहे, वारा आहे. मग श्रीमंत माणूस खाडी ओलांडून इकडे का येतो? पाहुण्यांना मी हे पुष्कळदा विचारले आहे. कुणी म्हणाले हवा, कुणी म्हणाले शांतता, कुणी म्हणाले विहिरीचे पाणी. एका बाईंनी सर्वांत नेमके सांगितले. त्या म्हणाल्या, “इथे समुद्राला लागूनच सावली आहे.” किनाऱ्यावर नुसती वाळू असेल तर दुपारी तळपायाला फोड येतात. इथे वाळू संपते तिथे सुरूचे बन, त्यामागे माड, पोफळी, केळी, आंबा, फणस. सुरूचे बन वनखात्याने वारा अडवायला लावले आहे. त्यामागची सावली मात्र शेतकऱ्याने केलेली आहे. ती निसर्गाने फुकट दिलेली नाही, हे पाहुण्यांना ठाऊक नसते, आणि कधी कधी विकणाऱ्यालाही त्याचा विसर पडतो.

या किनारपट्टीचे जुने नाव अष्टागर. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. थळ, किहीम, आवास, सासवणे, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी ही एकाला एक लागून असलेली बागाईत गावे. अलिबाग या नावाची कथाही बागेचीच आहे. अली नावाच्या एका सधन माणसाने इथे विहिरी खोदल्या आणि आंब्या-नारळाच्या बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. हा अली मुसलमान होता असे काही सांगतात, तर तो बेने इस्रायली होता असे दुसरे सांगतात. बेने इस्रायली म्हणजे फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले ज्यू, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आहे. अली कुठल्याही धर्माचा असो, आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की ज्याने विहिरी खोदून झाडे लावली त्याचे नाव गावाला मिळाले. सरदारांचे मिळाले नाही. नाहीतर समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले, कान्होजी आंग्रे यांनी तिथून दर्यावर हुकमत चालवली आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून आले तरी त्यांना परतवून लावले. ओहोटीला त्या किल्ल्यात चालत जाता येते. गेलात तर आतली विहीर अवश्य पाहा. चारही बाजूंना खारे पाणी आणि मधल्या विहिरीत गोडे! या विहिरीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता वाडीत चला. अष्टागरातल्या वाडीची जमीन वाळूमिश्रित, पाणी झटकन खाली जाणारी. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. उरलेले आठ महिने झाडाला पाणी घालावे लागते. हे पाणी पूर्वी रहाटाने काढीत. बैल किंवा रेडा गोल फिरे, मडक्यांची माळ विहिरीत उतरे आणि पाटातून पाणी झाडाझाडाच्या आळ्यात जाई. माड लावायचा तर मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा, त्यात माती-शेणखत भरायचे आणि सहा-सात वर्षे वाट पाहायची. पोफळीलाही तेवढाच धीर लागतो. माडावर मिरीचा वेल चढवायचा, मध्ये केळी लावायच्या, खाली जायफळ. एका गुंठ्यात चार मजली शेती. आजोबा लावतो आणि नातू खातो, ही वाडीत म्हण नसून हिशोब आहे.

मुंबईच्या धांदलीला कंटाळून अलिबागला आलेले पहिले पाहुणे कोण, माहीत आहे? लोहचुंबक! मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेवर ट्राम चालणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागेत आणली. इमारतीत लोखंड चालत नाही म्हणून ती लाकडाची आणि पोरबंदरच्या दगडाची बांधली. ती आजही चालू आहे. शांततेसाठी आलेल्या पाहुण्यांत मी तिचा नंबर पहिला लावतो, कारण तिने आल्यापासून कुणाचे काही बिघडवले नाही.

दुसरे पाहुणे पक्षितज्ज्ञ सालिम अली. १९३० च्या पावसाळ्यात किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. सुगरणीचे घरटे बांधतो तो नर. तो अर्धे घरटे विणून ठेवतो, मादी येऊन आत-बाहेर तपासते, पसंत पडले तर राहते. मग नर घरटे पुरे करतो आणि मादी अंड्यांवर बसली की हा दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी तासन्‌तास बसून पाहिले आणि लिहिले. आवास-किहीमच्या रस्त्याने जाताना अर्धवट सोडलेले बंगले दिसले की मला या सुगरणनराची आठवण होते. असो. सासवण्याचेच सुपुत्र शिल्पकार करमरकर यांचेही नाव घ्यायला हवे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये बसला, तो त्यांच्या हातचा. सासवण्याच्या त्यांच्या घरात आता शिल्पांचे संग्रहालय आहे. मुले घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

त्या काळी अलिबाग ही मोजक्या घराण्यांची थंड सावलीची जागा होती. गावकऱ्यांसाठी मात्र समुद्र म्हणजे विहार नव्हता, रस्ता होता. वाल, भाजी, फुले, नारळ, अंडी टोपलीत घालून माणसे रेवसहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जात आणि संध्याकाळी परत येत. गिरणीतले कामगार सणासुदीला याच वाटेने घरी येत. १७ जुलै १९४७ रोजी आषाढी अमावास्येला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेंवर माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. मासेमारीच्या होड्यांनी काहींना वाचवले. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजून त्या दिवसाबद्दल आवाज खाली आणून बोलतात. आज त्याच पाण्यावरून गार हवेच्या बोटीत कॉफी पीत लोक येतात. येऊ देत, सुखाने येऊ देत, पण ती वाट कुणाची होती ते आपल्या मुलांना सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. किनाऱ्याची बागाईत पट्टी सोडून पूर्वेला धरमतर खाडीकडे गेलात की खारेपाट लागतो. तिथे भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीच्या दारातून पावसाचे जास्तीचे पाणी बाहेर सोडायचे आणि मीठ धुऊन निघालेल्या जमिनीत भात पिकवायचा. बांध फुटला की तीन-चार वर्षे जमीन गेली. ही शेती एकट्याची नसतेच, बांध सगळ्या गावाचा असतो. या खारेपाटात चरी नावाचे गाव आहे. जमिनी खोतांच्या आणि कसणारी आगरी कुळे. पिकाचा वाटा खोताचा, वर निरनिराळी देणी, वर वेठ. ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या अशा पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवले, की वाटा न्याय्य मिळेपर्यंत जमीन कसायची नाही.

बंधूंनो, गिरणीचा संप आपण समजू शकतो. शेतकऱ्याचा संप म्हणजे काय, याचा विचार करा. गिरणी बंद पडली की मालकाचे नुकसान. शेत ओस पडले की पहिली चूल विझते ती संप करणाऱ्याची. असे एक वर्ष नाही, दोन नाही, १९३९ पर्यंत चालले. माणसे डोंगरातून लाकडे आणून विकत, खाडीत मासे धरत, मजुरीला जात. बायकांनी दागिने मोडले. खारजमिनीत पेरणी नाही म्हणजे काय दिसते, ते मी पुढे बांध फुटलेल्या शेतांत पाहिले आहे. पाच वर्षांत चिपीची झुडपे माणसाच्या डोक्याएवढी होतात. आपली जमीन अशी डोळ्यांदेखत जाताना पाहून गप्प बसायला किती छाती लागली असेल! डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्यात कुळाला संरक्षण मिळाले, त्यानंतर खोती गेली, १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला आपण कृषकदिन म्हणतो, कसणारा मालक झाला. सातबाऱ्यावर प्रथमच आपले नाव.

त्या संपातल्या माणसांची मुले १९५७ ला मालक झाली. त्यांच्या नातवंडांच्या हाती जमीन आली तेव्हा मुंबईचा पाहुणा दारात उभा होता.

पाहुण्याला जमीन कशी घेता येते, असे तुम्ही विचाराल. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्याच कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने. पण राज्यात कुठेतरी आपल्या नावावर शेती असली की माणूस शेतकरी ठरतो, आणि मग अलिबागेतही घेता येते. तेव्हा मोटारीतून उतरणारा प्रत्येक गॉगलवाला कागदावर शेतकरी असतो. आमच्या योजनांच्या यादीत काही नावे अशी वाचली आहेत की हसावे की रडावे कळेना. किनाऱ्यासाठीही कायदा आहे. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नका, असे कळवले. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तरी बंगले झाले. बँक घोटाळ्याचा आरोप होऊन परदेशी गेलेल्या एका हिरेव्यापाऱ्याचा किहीमचा बंगला मार्च २०१९ मध्ये सरकारला सुरुंग लावून पाडावा लागला. तो धुरळा टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. मला त्यात दिसली ती त्या बंगल्याखालची जमीन. सिमेंटचा एवढा राडा उचलून तिथे पुन्हा माड लावायचा म्हटले तर किती वर्षे?

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. पूर्वी पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद की पाहुणे बंद, वाडीला चार महिने विसावा. आता मोटार बोटीत चढते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू झाला आणि जमिनीवरूनही अंतर तुटले. रस्ते व्हावेत, माझी ना नाही. वडखळच्या रस्त्यावर बाळंतीण घेऊन खड्ड्यांतून गेलेली जीप मी पाहिली आहे. शिवाय पाहुण्यांमुळे सुतार, गवंडी, माळी, रिक्षावाला, खानावळ यांना काम मिळाले, चोंढी-झिराडच्या बाजूला रोपवाटिका उभ्या राहिल्या. पोपटीचेच पाहा. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा, हा आपल्या शेतावरचा खेळ. आता पाहुणे त्याचे पैसे मोजतात. जिताडा माशाचेही तेच. खारेपाटात घराघराच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत, आणि तो साहेबाच्या घरी पोचवायची त्याहून जुनी रीत. (मी तो विकत घेऊन खाल्ला, हे इथे नमूद करून ठेवतो.)

तेव्हा पाहुणा वाईट, असे मी म्हणत नाही. विकण्याचा हिशोब मात्र नीट मांडा म्हणतो. एका घरचा सांगतो. गाव सांगत नाही. वाडी वीस गुंठे, दोन भाऊ, तीन बहिणी. दलाल आला आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून नानांना रात्री झोप लागेना. मला बोलावणे आले. मी म्हटले, नाना, कागद घ्या. २००५ पासून मुलींचा वाटा मुलांइतकाच, तेव्हा पाच वाटे. नानांच्या वाट्यातून घराची दुरुस्ती, धाकटीचे लग्न, मुलाला टेम्पो, जुने कर्ज. उरले ते बँकेत ठेवले तर व्याज किती? दुसऱ्या बाजूला वाडी. साडेसात मीटरवर लावले तर वीस गुंठ्यांत छत्तीस माड बसतात. नीट राखलेला माड वर्षाला ऐंशी ते शंभर नारळ देतो, म्हणजे तीन हजारांच्या आसपास नारळ. पोफळी, मिरी, केळी, चुडते, झावळ्या वेगळ्या. खरे सांगतो, नुसत्या व्याजाशी तुलना केली तर वाडी हरली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे कुठलेच पीक उभे राहत नाही, आणि जो कृषी अधिकारी तुम्हाला उलटे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

नानांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, “आणि मामंजी, पैसा संपल्यावर राहायचं कुठं? कुणाच्या वाडीत?” हा आकडा कागदावर नव्हता.

तिने कुणाकडे पाहून विचारले तेही सांगतो. शेजारच्या वाडीचे काका आठ वर्षांपूर्वी विकून मोकळे झाले होते आणि त्याच वाडीत राखणदार होते. मला म्हणाले, “साहेब, माड बापानं लावलेला, पाणी मीच घालतो. पण शहाळं पाडायचं तर मुंबईला फोन करून विचारतो.” ते हसत सांगत होते. मी चहा घेतला आणि निघालो.

आता त्या विहिरीकडे येऊ. समुद्रातल्या किल्ल्यात गोडे पाणी कसे? पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते, दुधावर साय तरंगते तसे. साऱ्या किनाऱ्याची विहीर या सायीवर चालते. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की गोडे पाणी समुद्रपातळीच्या वर जितके फूट उभे, त्याच्या चाळीसपट ते खाली असते. म्हणजे वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. रहाट सायीचा वरचा पापुद्रा हळूहळू काढी, बैल दमला की रहाट थांबे. खोल बोअरवरची मोटार दमत नाही.

आता पोहण्याच्या तलावाचा हिशोब करू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दीड मीटर खोल, म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. उन्हाळ्यात ठिबकने माडाला रोजचे चाळीस लिटर धरले तर नानांच्या छत्तीस माडांना रोज चौदाशे चाळीस लिटर. एकदा भरलेल्या तलावाच्या पाण्यात ती सगळी वाडी बावन्न दिवस भिजते. तलावाच्या बाजूला हिरवळ असते, तिलाही रोज पाणी. असे पाच-सहा बंगले एका आळीत झाले की सर्वांत आधी कळते ते पोफळीला. पानांची टोके करपतात, सुपारी गळते. माड बराच खार सोसतो, पोफळ सोसत नाही. आणि कांदा तर फारच हळवा.

अलिबागचा पांढरा कांदा तुम्ही खाल्ला आहे का? भात कापल्यावर त्याच खाचरात थंडीत लावतात, उन्हाळ्याच्या तोंडाला निघतो. चवीला गोडसर, तिखटपणा कमी, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. पातीसकट वाळवून बायका त्याच्या वेण्या घालतात आणि माळा करून विकतात. २०२१-२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आता दुसऱ्या गावचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकणे गुन्हा. नाव मिळाले, पण त्या नावाखाली कांदा पिकवायला खाचर आणि विहिरीला गोडे पाणी उरले पाहिजे.

वाडीवर संकटे पाहुण्यांचीच येतात असे नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि तीस-चाळीस वर्षांच्या बागा एका दुपारी झोपल्या. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या. बागांना हेक्टरी पन्नास हजारांची मदत जाहीर झाली. पण अष्टागरात हेक्टर आहे कुणाकडे? दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाच हजार. पडलेला एक माड कापून उचलायची मजुरी द्या आणि मग सांगा. दलाल त्या पावसाळ्यात फार फिरले. पडलेली वाडी पाहून माणूस लवकर सही करतो, हे त्यांना चांगले ठाऊक असते.

नानांच्या घरी काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांनी वाडी विकली नाही. बहिणींना त्यांचा वाटा हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले, त्यातल्या एकीने पैशाऐवजी दरवर्षी दोनशे नारळ आणि माहेरपण मागितले. सूनबाईंनी मागच्या पडवीच्या दोन खोल्या नीट करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. राज्याचे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० मध्ये आले आहे, त्याची नोंदणी केली. खोलीला गार हवेचे यंत्र नाही, पाहुण्याने विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायची आणि सोलकढी-भात खायचा. शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या नसतात. पावसाळ्यात मात्र असतात, आणि गेल्या वर्षी एका पाहुण्याने मोटार मागे घेताना नवी लावलेली सात रोपे चिरडली, तेव्हा हेही सुख निर्भेळ नाही. नानांचा मुलगा अजून म्हणतो, विकले असते तर बरे झाले असते. त्या घरात हा वाद जेवताना चालतोच.

तुमची विहीर किनाऱ्याजवळ असेल, किंवा शेजारी नवा बंगला, हॉटेल, मोठा बोअर होत असेल, तर दरवर्षी मे महिन्यात, विहीर सर्वांत खाली गेलेली असताना, पाणी तपासून घ्या. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, मग स्वच्छ प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावा. बाटलीवर गट नंबर, विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि तारीख लिहा, आणि दुसऱ्या दिवसाच्या आत जवळच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. क्षारांचे प्रमाण आणि क्लोराइड या दोन तपासण्या आवर्जून मागा. अहवाल सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा, एकावर एक, वर्षानुवर्षे. पाणी खारट झाले म्हणून कुणाकडे दाद मागायची वेळ आली, तर तहसीलदाराच्या टेबलावर ठेवायला तेवढेच कागद उपयोगी पडतात.